बारा कुठे कुठे सापडतो

‘या यादीत बारा आहे का?’ असे माणसाला विचारले, तर तो यादीवरून एकदा नजर फिरवतो आणि सांगून मोकळा होतो. हाच प्रश्न मी डेटाबेसला पहिल्यांदा विचारला तेव्हा रकान्यात ‘३,१२,४०’ अशी स्वल्पविरामांनी जोडलेली मूल्ये होती आणि मी मजकुरातला तुकडा शोधणारे ‘लाइक’ लिहून बाराच्या दोन्ही बाजूंना ‘इथे काहीही चालेल’ असे सांगणारी टक्क्याची चिन्हे दिली. उत्तरात बाराच्या ओळी आल्या, आणि त्यांच्या मागोमाग ११२ आणि १२० यांच्याही आल्या. यंत्राचे काहीच चुकले नव्हते. ‘कमळ’ या शब्दात ‘मळ’ आहे का, असे विचारल्यावर दुसरे काय उत्तर मिळणार?

यावरचा उपाय मला आजही आवडतो. रकान्यातील मजकुराच्या आधी आणि नंतर एकेक स्वल्पविराम जोडायचा आणि शोध ‘,१२,’ असा घ्यायचा, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या मूल्यालाही दोन्हीकडून कुंपण मिळते. मायएसक्यूएल या डेटाबेसमधील ‘फाइंड इन सेट’ हे फंक्शन हे काम आपणहून करते. मात्र कोणी स्वल्पविरामानंतर जागा सोडली असेल, तर त्या जागेसकट आलेला बारा त्याला ओळखू येत नाही, आणि नीटनेटके टंकलेखन करणाऱ्यालाच शिक्षा होते.

एकाऐवजी तीन मूल्ये शोधायची झाली की आधी स्वतःचाच प्रश्न तपासावा लागतो: तिन्हींपैकी एखादे चालेल, की तिन्ही हवीत? बोलताना हा भेद आपण सहज गिळून टाकतो, परंतु पोस्टग्रेस हा डेटाबेस त्यासाठी ॲरेवरची, म्हणजे एकाच चौकटीतल्या मूल्यांच्या यादीवरची, दोन निराळी चिन्हे मागतो. शिवाय ‘यांपैकी एखादे आहे का’ असे विचारणाऱ्या ‘इन’च्या कंसात तिन्ही मूल्ये एकाच अवतरणात दिली, तर ती एकच लांबलचक मूल्य ठरतात आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला लिहून विचारलेला प्रश्न, बहुधा कुठलीही तक्रार न करता रिकाम्या हाताने परत येते. चूक दाखवणारा लाल संदेश परवडला. हे शांत ‘शून्य ओळी’ अधिक छळते.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या डेटाबेसच्या रिलेशनल प्रारूपात एका चौकटीत एकच अविभाज्य मूल्य अपेक्षित होते. तसे वेगळ्या तक्त्यात ओळीओळीने ठेवले, तर निर्देशांकही, म्हणजे शोध जलद करणारी सूचीही, कामी येतो. आरंभीच टक्का असलेल्या ‘लाइक’ला साध्या निर्देशांकाचा उपयोग नसतो. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसने २०१६च्या आवृत्तीत स्ट्रिंग (सलग मजकूर) फोडण्याची सोय दिली, पण तीही प्रत्येक वेळी सगळी मोळी सोडून पाहणार. हे सारे कळूनही मी तो रकाना मोडला नाही, कारण त्याच्यावर बरेच जुने अहवाल उभे होते. दोन्ही टोकांना स्वल्पविराम जोडून मी ती क्वेरी तशीच चालू ठेवली.