आधी ऊन, मग खुर्ची

काचघराचं, म्हणजे घराला जोडलेल्या काचेच्या खोलीचं, काम करतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "वेताच्या खुर्च्या चांगल्या दिसतील का हो?" 17 वर्षं ऐकतोय. दिसतील की. पण पश्चिमेच्या उन्हात दोन उन्हाळे काढले की वेत वाळून तडकायला लागतो, हे खुर्ची विकणारा सांगत नाही. आम्ही सांगतो, म्हणून आमचं कोटेशन मागे पडतं.

सुरुवात दादांनी आणि मी केली. दादा म्हणजे सख्खे भाऊ नव्हेत, काच बसवणारे जुने कारागीर. मी ड्रॉइंग आणि हिशेब बघायचो. भांडवलात काच उचलायचे दोन सक्शन कप, एक गुण्या आणि दादांचा पितळी ओळंबा, टोक झिजून बोथट झालेला. पुढे लेसर लेव्हल घेतली, तर दादा लेसरची रेघ ओळंब्यानं तपासायचे. आम्ही हसायचो. एकदा लेसरच 4 मिलिमीटर चुकलेला निघाला. तेव्हापासून लेसर गाडीत आणि ओळंबा दादांच्या खिशात.

पहिलं गिऱ्हाईक काकू. निवृत्त शिक्षिका, काचघर पश्चिमेला. आम्ही हौसेनं पांढरा सोफा, आतून जाड पडदे आणि कडेनं नेच्याच्या कुंड्या मांडल्या. तीन महिन्यांत नेच्यांच्या कडा करपल्या, सोफा पिवळा पडला आणि काकू दुपारभर स्वयंपाकघरात बसू लागल्या. ऊन काच ओलांडून आत आलं की पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. आज हे मी झोपेतही सांगेन, तेव्हा अक्कल नव्हती.

काकूंनी पैसे परत मागितले नाहीत. खडू घेतला. महिन्यातून एक दिवस, दर तासाला, उन्हाची कड जिथं पोचेल तिथं फरशीवर रेघ आणि शेजारी वेळ. रेघा पुसट झाल्या की पुन्हा गिरवायच्या. वर्षभरानं फरशी म्हणजे शाळेचा फळा झाली होती. त्या रेघांवरून आम्ही सगळं पुन्हा मांडलं. बाहेरून गुंडाळायचे पडदे, छताच्या कण्याशी झडप आणि जमिनीलगत उघडणारी खिडकी, म्हणजे तापलेली हवा वरून निघते आणि गार हवा खालून ओढली जाते. जिथं एकही रेघ पोचली नव्हती तिथं नेचे, जिथं रेघांची गर्दी तिथं बोगनवेल. खुर्ची सगळ्यात शेवटी.

मग ते काम आलं. 22 काचा, आमचं तोवरचं सगळ्यात मोठं. चौदा महिन्यांनी रात्री दीडला फोन: "तुमची काच फुटली." कुणी दगड मारला नव्हता, कुणी हात लावला नव्हता. बाजूच्या भिंतीची टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच, चुरा होऊनही चौकटीत तशीच उभी. दादांनी कुणाला हात लावू दिला नाही. टॉर्च आणि भिंग घेऊन तासभर शोधलं आणि मला बोलावलं. सगळ्या भेगा जिथून फाकल्या होत्या तिथं जरा मोठे दोन तुकडे, फुलपाखराच्या पंखांसारखे, आणि मधल्या रेघेवर काळा ठिपका. निकेल सल्फाइडचा कण. काच टफन करताना झटकन गार करतात, तेव्हा हा कण आपल्या तापलेल्या रूपातच अडकतो, मग सावकाश रूप बदलतो, फुगतो आणि एके रात्री काच फोडतो. दोष काचेतला, बसवण्यातला नव्हे.

मालकांनी ऐकून घेतलं आणि उरलेले पैसे द्यायचे थांबवले. इथवर समजू शकतो. पण आमच्याकडेच ड्रॉइंग शिकून नुकताच वेगळा झालेला एक मुलगा घरोघर सांगत सुटला, "त्यांच्या काचा आपोआप फुटतात." हातातली तीन कामं गेली, दोन त्याच्याकडे. गाडी विकली. दादांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम पगाराला दिली आणि ती माझ्याकडून व्याजाशिवाय परत घेतली. त्या मुलाच्या माहितीपत्रकावर आज काकूंच्या काचघराचा फोटो आहे. फरशीवरच्या खडूच्या रेघा तेवढ्या पुसून टाकल्यात.

पुढची नऊ वर्षं काम होतं, केलं.

विचारलं नाहीत तरी सांगतो. टफन काच हीट-सोक केलेली मागा; ती भट्टीत 250 अंशांच्या वर तापवून ठेवतात, बहुतेक फुटणाऱ्या तिथंच फुटतात. छताला लॅमिनेटेडच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली, लावा, फुटली तरी तुकडे मधल्या थराला धरून राहतात. तिच्या कडेला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कुणी लावत असेल तर हात धरा, तो थर खराब होतो. छताला काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचा प्लास्टिक पत्रा असेल तर त्याची यूव्हीची, म्हणजे ऊन सोसणाऱ्या थराची बाजू वर आहे ना, हे फिल्म काढण्याआधी बघा. आणि थंडीत काचेवरून पाणी ओघळलं की गळती म्हणून फोन करू नका, ते बहुधा दव असतं. लंडनच्या 1851 च्या क्रिस्टल पॅलेसला, त्या प्रचंड काचेच्या इमारतीला, ती रचणाऱ्या पॅक्स्टननं छताच्या लाकडी पन्हळींतच या दवासाठी वेगळ्या खाचा ठेवल्या होत्या. आजचे चौकटीचे सेक्शन कापणारे ती खाच विसरतात, ही वेगळी गोष्ट.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. शेजारचं मोठं झाड पडलं, खुर्चीवर चारलाच ऊन येतं म्हणाल्या. दादा आता गुडघ्यांमुळे साइटवर येत नाहीत, पण या रविवारी येणार आहेत. खडू काकूंकडे आहे.