मोनेच्या तळ्यावर आई

फ्रान्समधल्या सीन नदीची क्रूझ ठरली आणि घोडं अडलं ते पत्त्यावर. शेंगेन व्हिसासाठी रोजच्या मुक्कामाचा कागद लागतो, आणि आमचे सातही मुक्काम बोटीवर! एजंटच्या पत्रात फक्त माझं नाव होतं, आईचं नव्हतंच. व्हिसा केंद्राच्या खिडकीतल्या बाईंनी कागद परत सरकवला. दोघींची नावं आणि बोट रोज जिथे लागणार तो धक्का लिहिलेलं नवं पत्र यायला चार दिवस गेले. 30,000 युरोंचा विमा तेवढा आधीच काढलेला होता.

जूनमध्ये एकदाच्या पॅरिसहून निघालो. रात्री खिडकीला लागून ओली भिंत वर सरकायला लागली. आई घाबरून उठून बसली. ते लॉक होतं. दोन दारांत बोट कोंडून पाणी सोडून देतात आणि तिला खालच्या पातळीला उतरवतात.

व्हेर्नोंला उतरून जिव्हर्नीला बसने. आम्ही 'सावकाश चालणाऱ्यां'च्या गटात. आमच्या गाइडने शहाणपणा केला, आधी तळ्याकडे नेलं. या तळ्यातली फुलं रंगवणारा चित्रकार क्लोद मोने 1883 मध्ये इथे भाड्याने राहायला आला, 1890 मध्ये घर विकत घेतलं आणि 1893 मध्ये रुळांपलीकडची ही जागा. ओढ्याचं पाणी वळवायला गावकऱ्यांचा विरोध होता, याच्या परदेशी झाडांनी पाणी नासेल म्हणून.

जपानी पुलावर फोटोंसाठी झुंबड. आई बाकावरून म्हणाली, "अगं, ही कमळं नव्हेत. कमळाचं पान पाण्याच्या वर उठतं. हे बघ कसं टेकलंय! ही कुमुदिनी." सांगलीच्या अंगणात तिच्या सिमेंटच्या टाक्यात हीच आहे. मी महिनाभर सगळ्यांना 'मोनेची कमळं' सांगत फिरले होते.

गाइडने सांगितलं, की पानांवरची धूळ काढायला मोनेने खास माळी ठेवला होता, तो होडीतून फिरायचा. शिवाय बाहेरच्या रस्त्यावर स्वखर्चाने डांबर घातलं. "मग मी तुळशीची पानं पुसते तेव्हा हसता कशाला?" आई.

घरात पिवळं जेवणघर, निळ्या फरशांचं स्वयंपाकघर. आई तांब्याच्या भांड्यांपाशीच थांबली, यांना चिंच कुठून मिळत असेल म्हणून. दुकानात बियांची पाकिटं घेतली आणि परत ठेवली. परवान्याशिवाय बी भारतात आणता येत नाही.

लेझ-आंदलीला इंग्लंडच्या सिंहहृदयी रिचर्ड राजाचा पडका किल्ला मी एकटीनेच चढून पाहिला. रुआंमध्ये 1431 मध्ये फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्कला जाळलं तो चौक, आणि मोनेने तीसेक वेळा रंगवलेलं कॅथीड्रल. नेमका पाऊस, दगड नुसता राखाडी. "आज एकतिसावं काढलं असतं त्याने," आई छत्रीतून म्हणाली.

शेवटी ओंफ्लर. तिथलं सेंट कॅथरीनचं चर्च जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी लाकडात उभारलंय. आई मान वर करून बराच वेळ बघत राहिली. "होडी उलटी घातलीये गं," म्हणाली आणि चपला काढायच्या का, विचारलं.