एक्सेलमधला ड्राफ्ट: टेक्सासचे ९६ लाख मी तीनदा खर्च केले

मागच्या वेळी सांगितलं होतं तसं या पावसाळ्यात एकच उद्योग हाती घेतला. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या एका संघाचा एक जुना ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची फेरीफेरीने होणारी निवड) घ्यायचा, त्यांच्या खुर्चीत बसायचं आणि त्यांच्याच पैशांत आपल्याला काय जमतं ते बघायचं. संघ टेक्सास रेंजर्स, साल २०२२.

निवडीचं अर्धं कारण भावनिक आहे: कुमार रॉकर. आईकडून भारतीय वंशाचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. स्क्रीनवर नाव बघून घरच्यांनीही मान वर केली, एरवी बेसबॉल म्हटलं की आमच्याकडे रिमोट हलतो. उरलेलं अर्धं कारण हिशोबाचं. त्या वर्षी टेक्सासकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत निवडच नव्हती. आदल्या हिवाळ्यात त्यांनी कोरी सीगर आणि मार्कस सेमियन यांना मिळून ५० कोटी डॉलरचे करार दिले. दोघांनाही त्यांच्या जुन्या संघांनी क्वालिफाइंग ऑफर (ठरावीक रकमेचा एका वर्षाचा करार) दिली होती आणि अशा खेळाडूला उचललं की निवडींवर पाणी सोडावं लागतं. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाला एक निवड, आणि मग थेट १०९वी. मधल्या शंभरेक नावांना नुसतं बघत बसायचं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. आयपीएलचा लिलाव डोक्यातून काढून टाका. इथे बोली लागत नाही. एका संघाने नाव पुकारलं की त्या मुलाशी बोलणी करायचा हक्क फक्त त्या संघाचा. १९६५ साली ड्राफ्ट सुरू झाला तोच बोली थांबवायला. आदल्या वर्षी एंजल्स संघाने रिक रायकार्ट नावाच्या कॉलेजातल्या पोराला २ लाख ५ हजार डॉलर मोजले होते आणि मालक मंडळींना घाम फुटला होता. ड्राफ्ट अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको वगैरे भागांत राहणाऱ्या किंवा शिकणाऱ्या मुलांपुरताच. डॉमिनिकन, व्हेनेझुएला, जपान, भारत हा मामला वेगळा. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल २००८ मध्ये पायरेट्स संघाकडे गेले ते ड्राफ्टमधून नव्हेच.

२०१२ पासून पहिल्या १० फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीला ठरलेली किंमत आहे, तिला स्लॉट म्हणतात. सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे संघाचा पूल. एका मुलाला स्लॉटपेक्षा कमी द्या, दुसऱ्याला जास्त, कुणाची हरकत नाही. बेरीज मात्र सांभाळायची. ५ टक्क्यांपर्यंत वर गेलात तर वरच्या रकमेवर ७५ टक्के कर. त्यापुढे गेलात की पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जाते. संघ पहिल्या पट्ट्यात बिनधास्त जातात आणि ५ टक्क्यांच्या रेषेला नाक लावून उभे राहतात. कर हा त्यांच्या लेखी टोलनाका आहे.

टेक्सासचा पूल साधारण ९६ लाख डॉलर. त्यातले जवळपास ७६ लाख एकट्या तिसऱ्या निवडीचे. १०९व्या निवडीला सहा लाखही नाहीत. पाचव्या ते दहाव्या फेरीत मिळून पंधराएक लाख.

पहिला प्रयत्न

नियम एकच ठेवला: पाळी आली की यादीतला सगळ्यात चांगला उचल. तिसऱ्या क्रमांकाला पूर्ण स्लॉट देऊन मोकळा झालो. चौथ्या फेरीत हायस्कूलचा एक पिचर घेतला आणि त्याची मागणी (माझ्या अंदाजाने) १५ लाख धरली. बाकीच्यांना स्लॉटइतकं. बेरीज ९ लाखांनी वर, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. पुढच्या वर्षीची पहिली निवड गेली. एका संध्याकाळी संघ बुडवला.

चूक कुठे झाली ते उघड होतं. मी खेळाडूंची यादी चढत्या-उतरत्या क्रमाने लावली होती आणि ‘याला नाही म्हणायची किती मुभा आहे’ हा रकानाच ठेवला नव्हता. हायस्कूलच्या मुलाकडे कॉलेजची शिष्यवृत्ती असते. तो तीन वर्षांनी परत येईन म्हणू शकतो. कॉलेजात तिसरं वर्ष संपवलेल्याच्या हातात आणखी एक वर्ष असतं. चौथं वर्ष संपलेल्याला जायला जागाच नाही, म्हणून तो काही हजार डॉलरवरही सही करतो. सहाव्या ते दहाव्या फेरीत अनोळखी सीनिअर्सची रांग दिसते तिचं कारण हेच. मी इतकी वर्षं समजत होतो की स्काउटना त्यांच्यात काहीतरी गुपित दिसलंय. गुपित एवढंच, की ते स्वस्त आहेत. वाईट वाटतं खरं.

दुसरा प्रयत्न: त्यांनी केलं तसं

आता रॉकरची गोष्ट. व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून २०१९ मध्ये ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउट घेत नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकणारा हा मुलगा २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी १०वा उचलला. ६० लाखांवर तोंडी ठरलं. मग वैद्यकीय तपासणी झाली आणि मेट्सनी लेखी ऑफरच दिली नाही. त्याने ड्राफ्टआधीचा एमआरआय दिला नव्हता, त्यामुळे नियमाने त्यांना तसं करता आलं. वर पुढच्या वर्षी भरपाई म्हणून ११वी निवडही मिळाली. मुलगा खांद्याची शस्त्रक्रिया करून मेजर लीगबाहेरच्या फ्रंटियर लीगमध्ये ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्सकडून मोजके सामने खेळला.

तिसऱ्या क्रमांकाला टेक्सासने त्याचं नाव पुकारलं तेव्हा सगळे चक्रावले. मीही तेव्हा ‘मेडिकल विसरले का हे?’ असं लिहिलं होतं, जुन्या नोंदीत सापडेल. मग आकडा आला: ५२ लाख. स्लॉटपेक्षा जवळपास २४ लाख कमी. ते २४ लाख कुठे गेले? १०९व्या निवडीला. मिशिगनचा हायस्कूल पिचर ब्रॉक पोर्टर. पहिल्या फेरीत जाईल असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं तो पैशांच्या मागणीमुळे घसरत चौथ्या फेरीपर्यंत आला आणि त्याला मिळाले ३७ लाख. म्हणजे दोन फेऱ्या गमावलेल्या संघाने पहिल्या फेरीच्या तोडीची दोन नावं घेतली.

हे माझ्या एक्सेलच्या वहीत मांडलं. ५२ आणि ३७ मिळून ८९. पूलमधले उरले सातएक लाख, ५ टक्क्यांची सवलत धरून बाराच्या वर. सहा मुलांचे स्लॉट पंधराएक लाखांचे. दोन-तीन सीनिअर्स घातले की बसलं! पहिल्यांदा शेवटचा रकाना हिरवा झाला.

ही युक्ती टेक्सासची नाही. २०१२ मध्ये, नियम नवा कोरा असतानाच, ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकाला कार्लोस कोरेआ घेतला. स्लॉट ७२ लाख, दिले ४८. उरलेल्यातून ४१व्या निवडीला लान्स मॅक्युलर्सला २५ लाख. दोघंही २०१७ च्या विजेत्या संघात होते.

तिसरा प्रयत्न, आणि वहीतली चूक

हिरवा रकाना बघून फार खूश होऊ नये. मी फासा टाकला: पोर्टर नाही म्हणाला तर? वहीने सांगितलं, काही नाही, पैसे शिल्लक. मला ते पटेना, म्हणून ह्यूस्टनच्या २०१४ वर वही चालवून पाहिली. तिथे पहिल्या क्रमांकाचा ब्रेडी एकन. स्लॉट ७९ लाख, ठरले ६५. तपासणीत कोपराबद्दल शंका आली, संघाने आकडा खाली आणला, मुदत टळली, सही नाही. माझ्या वहीप्रमाणे मात्र पाचव्या फेरीतल्या जेकब निक्सला त्याचे ठरलेले १५ लाख व्यवस्थित मिळत होते. प्रत्यक्षात ते मिळाले नाहीत.

चूक सापडली. सही न केलेल्या निवडीचा पूर्ण स्लॉट पूलमधून वजा होतो. एकन गेला तेव्हा ७९ लाखांची छतच उडाली आणि तिच्याखाली उभा असलेला निक्सही भिजला. (ह्यूस्टनला भरपाईत २०१५ ची दुसरी निवड मिळाली, तिच्यातून अ‍ॅलेक्स ब्रेगमन आला. काही संघांचं नशीबच जाडं.)

सूत्र दुरुस्त करून पुन्हा टेक्सासकडे आलो तेव्हा अंगावर काटा आला. रॉकर फिसकटला असता तर ७६ लाख गेले, पोर्टरही गेला. पुढच्या वर्षी चौथी निवड मिळाली असती, एवढंच. पोर्टर फिसकटला असता तर त्याहून विचित्र. भरपाई फक्त पहिल्या तीन फेऱ्यांना आहे, पोर्टर चौथ्या फेरीतला. त्याच्या नावाने वाचवलेले पैसे हातात, आणि ड्राफ्ट संपलेला, द्यायचे कुणाला?

म्हणून अकराव्या फेरीनंतर संघ महागडी हायस्कूलची पोरं उगाच घेतल्यासारखी घेऊन ठेवतात. तिथे ठरावीक रकमेपर्यंतचा बोनस (२०२२ मध्ये सव्वा लाख, आता दीड) पूलमध्ये धरत नाहीत, वरचा तेवढा धरतात. वर कुणी नाही म्हणालं तर ते पैसे इकडे वळवायचे. मी अशा तीन मुलांसाठी ‘राखीव’ रकाना केला. शंभर वेळा फासा टाकून बघतोय, पण पोर्टरच्या होकाराची शक्यता किती धरायची इथे अडलोय. नाव पुकारण्याआधी एजंटशी फोनवर बरंच ठरलेलं असतं, त्यामुळे अर्धी-अर्धी धरणं बावळटपणा. सध्या ९५ टक्के ठेवलंय. कुणाकडे बरा आधार असेल तर सांगा.

लॉटरी

२०२२ घेण्याचा एक फायदा म्हणजे लॉटरी नव्हती. तळाचा संघ आधी निवडायचा: आदल्या मोसमात ६० विजय, १०२ पराभव, म्हणून तिसरा क्रमांक, संपलं. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागा सोडतीने ठरतात. तळाच्या तिघांना प्रत्येकी साडेसोळा टक्के. २०२४ साठी क्लीव्हलंडला २ टक्केच संधी होती, त्यांचाच नंबर लागला आणि अमेरिकेतल्या कॉलेजात शिकणारा ऑस्ट्रेलियाचा ट्रॅव्हिस बझाना पहिला गेला. आणि १२१ सामने हरलेला शिकागो व्हाइट सॉक्स २०२५ ला १०वा! सलग दोन वर्षं सोडतीत बसता येत नाही असा मोठ्या बाजारपेठेच्या संघांना नियम आहे, आणि आदल्या वर्षी ते पाचवे होते. टक्केवारी एक्सेलमध्ये पाच मिनिटांत बसली, ही ‘कोण पात्र नाही’ची अट बसवताना दोन रविवार गेले.

पुढची वही वॉशिंग्टन नॅशनल्स, २०२५. पहिला क्रमांक, स्लॉट एक कोटी दहा लाखांच्या पुढे, आणि १७ वर्षांच्या ईली विलिट्सला दिले ८२ लाख. उरलेल्या २८-२९ लाखांची वाट त्यांनी काय लावली ते मुद्दाम अजून बघितलेलं नाही. आधी माझी यादी बनवतो, मग त्यांची उघडतो.