आमची वाटचाल : दोन थरांच्या बोर्डापासून चार थरांच्या बोर्डापर्यंत

वरूड तालुक्यातील आमच्या छोट्या कारखान्यात कृषिपंपांच्या मोबाईल स्टार्टरचे (फोनवरून पंप चालू-बंद करणाऱ्या पेटीचे) कंट्रोल कार्ड तयार होते. सुरुवात मोटार रिवाइंडिंग आणि स्टार्टर दुरुस्तीच्या दुकानातून झाली. एक फेज गेली की मोटार जळू नये म्हणून बंद करणारे कार्ड आम्ही पुढे स्वतः बनवू लागलो. त्याला दोन थरांचा पीसीबी, म्हणजे दोन्ही बाजूंना तांब्याच्या रेषा (ट्रॅक) असलेला सर्किट बोर्ड, पुरेसा होता. ते कार्ड आजही तसेच बनते आणि ते बदलण्याचे कारण दिसत नाही.

थरांच्या रचनेचा प्रश्न उभा राहिला तो जीएसएम मॉड्यूल (मोबाईल नेटवर्कशी जोडणारा भाग) जोडायचे ठरल्यावर. संत्र्याच्या बागेचा ताण सोडताना पाणी वेळेवर मिळाले नाही तर बहार हातचा जातो, आणि शेतीची वीज पाळीने रात्रीही येत असल्यामुळे पंप घरून चालू करता यावा, ही इथल्या शेतकऱ्याची खरी निकड आहे. मात्र असे टू-जी मॉड्यूल संदेश पाठवताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा, दर वेळी ०.५७७ मिलिसेकंद, २ अँपिअरपर्यंत करंट ओढते. त्याच पेटीत रिले (कार्डावरचा छोटा स्विच) जेव्हा कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटारीच्या मोठ्या स्विचची, कॉइल सोडतो, तेव्हा ठिणगीमुळे नॅनोसेकंदांत चढणारे झटके सगळ्या वायरिंगमध्ये पसरतात. चाचणीच्या पेट्यांमध्ये कॉन्टॅक्टर सुटण्याच्या क्षणीच कंट्रोलर (कार्डावरची मुख्य चिप) रिसेट होताना दिसला, आणि वीज साठवून चढउतार सावरणारे कपॅसिटर वाढवून त्यात फारसा फरक पडला नाही.

कारण ग्राउंडच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तांब्याच्या, मांडणीत होते. वेगाने बदलणारा करंट परत येताना सर्वांत कमी इंडक्टन्सची (बदलत्या करंटला होणाऱ्या विरोधाची) वाट धरतो, म्हणजे आपल्या ट्रॅकच्या अगदी खालून जातो. दोन थरांच्या बोर्डात खालच्या बाजूलाही ट्रॅक टाकावे लागतात, त्यामुळे ग्राउंडचे तुकडे पडतात, परतीच्या करंटला वळसा घ्यावा लागतो आणि तयार झालेला मोठा फेरा अँटेनासारखा झटके पकडतो. त्यातून दोन्ही थरांमध्ये जवळपास १.६ मिलिमीटर अंतर असते. चार थरांच्या बोर्डात बाहेरचा थर आणि त्याच्या आतला थर यांत सुमारे ०.२ मिलिमीटरचेच प्रीप्रेग (थर चिकटवणारा पातळ इन्सुलेटर) ठेवता येते, म्हणून हा फेरा कितीतरी लहान होतो.

चार थर घ्यायचे ठरले तरी आतल्या दोन थरांवर काय ठेवायचे, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. वरून खाली सिग्नल, ग्राउंड, पॉवर, सिग्नल ही सर्वत्र दिसणारी मांडणी आहे, आणि शेजारशेजारच्या पॉवर व ग्राउंडच्या पत्र्यांमुळे आपोआप मोठा कपॅसिटर मिळतो, असे तिच्या बाजूने सांगितले जाते. हिशेब मात्र वेगळे दाखवतो. नेहमीच्या चार थरांच्या बोर्डात मधला कोअर (आतल्या दोन थरांमधला कडक इन्सुलेटर) साधारण १ मिलिमीटर जाड असतो. एवढ्या अंतराला एफआर-४ मध्ये (बोर्डाच्या नेहमीच्या फायबरग्लास साहित्यात) दर चौरस सेंटिमीटरला ४ पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स मिळतो. १० बाय १० सेंटिमीटरचा अख्खा बोर्ड धरला तरी ४०० पिकोफॅरड होतात, आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एकच छोटा कपॅसिटर त्याच्या २५० पट असतो.

म्हणून आम्ही आतले दोन्ही थर ग्राउंडला दिले. या मांडणीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण असा की, ट्रॅक व्हायातून (थर जोडणाऱ्या तांब्याचा मुलामा दिलेल्या छिद्रातून) वरून खाली उतरतो तेव्हा त्याचा परतीचा करंटही दुसऱ्या थरावरून तिसऱ्या थरावर जायला हवा. दोन्ही ग्राउंड असतील तर शेजारी ग्राउंडचा एक व्हाया दिला की काम होते. तिसरा थर पॉवरचा असेल तर परतीच्या करंटला जवळचा कपॅसिटर शोधत जावे लागते. शिवाय आतले तांबे दोन्ही बाजूंनी सारखे राहते, त्यामुळे बोर्ड सोल्डरिंगच्या उष्णतेत सहसा वाकत नाही.

मॉड्यूलच्या पॉवरसाठी अख्ख्या थराची गरज नव्हती. ३५ मायक्रॉन तांब्याच्या चौरसाचा रोध सुमारे अर्धा मिलिओहम असतो. ५० मिलिमीटर लांब आणि १ मिलिमीटर रुंद ट्रॅकमध्ये २ अँपिअरला ५० मिलिव्होल्ट पडतात, तर १० मिलिमीटर रुंद पट्ट्यात फक्त ५. असा रुंद पट्टा वरच्या थरावर बसला आणि मोठा कपॅसिटर मॉड्यूलच्या पिनांशीच ठेवला.

ग्राउंड सगळीकडे पसरवायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. ४१५ व्होल्टच्या भागात, तसेच ऑप्टोकपलरच्या (तार न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणाऱ्या भागाच्या) पोटाखाली, चारही थरांवरचे तांबे काढलेले असते. इथे थरांची संख्या किंवा जागेची टंचाई यांचा विचार होत नाही, कारण पेटीला हात लावणारा शेतकरी बहुधा ओल्या मातीत उभा असतो.

चार थरांचा बोर्ड दोन थरांपेक्षा महाग पडतो, आणि आमच्यासारख्यांना तो फरक जाणवतो. तरीही नव्या रचनेच्या पेट्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपासच्या तापमानात, बागेतल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये चालल्या आणि कॉन्टॅक्टर सुटताना रिसेट होण्याचा त्रास राहिला नाही. झडपा आणि मातीतील ओलावा यांसाठीचे नवे कार्ड सध्या हाती आहे. त्यात सिग्नलची गर्दी वाढली, तर सहा थर घेऊन पॉवर आणि ग्राउंड अगदी पातळ थराने जवळ आणण्याचा विचार आहे. तोपर्यंत फॅब्रिकेटरला (बोर्ड बनवून देणाऱ्या कारखान्याला) जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगवर प्रीप्रेग आणि कोअरची जाडी आम्ही स्वतः लिहून देतो. तसे न लिहिल्यास तो कारखाना आपल्याकडे उपलब्ध असलेली जाडी वापरू शकतो, आणि वरचा सगळा हिशेब त्या ०.२ मिलिमीटरवर उभा आहे.