पीएचडीच्या समितीत आमची एक खुर्ची: माझा अनुभव

आमच्या विभागात अर्धवेळ पीएचडी करणारी माझी एक मैत्रीण आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवते. 2023 च्या पावसाळ्यात ती पहाटेच्या एसटीने, सात महिन्यांची लेक आणि लेकीला सांभाळायला आई, अशी दोघींना घेऊन आरएसीसाठी, म्हणजे संशोधनाची प्रगती तपासणाऱ्या सल्लागार समितीच्या बैठकीसाठी, आली. पेनड्राइव्हमध्ये प्रेझेंटेशन, पिशवीत प्रगती अहवालाच्या चार प्रती. विभागात पोचल्यावर कळलं, बैठक पुढे ढकलली आहे. सूचना आदल्या दिवशी संध्याकाळी फलकावर लागली होती. ती काही बोलली नाही. भिजलेल्या पिशवीतून तिने प्रती बाहेर काढल्या, ओढणीने पुसल्या आणि परत आत ठेवल्या. पुढची तारीख तिला कुणी कळवलीच नाही, आणि त्या सत्राच्या नोंदीत तिच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असा शेरा पडला.

त्या दिवसापासून मी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) पीएचडीची नियमावली वाचायला घेतली. तोपर्यंत नोंदणी होऊन दोन वर्षं झाली होती, तरी आमच्यापैकी कुणीच ती शेवटपर्यंत वाचलेली नव्हती. 2022 च्या नियमावलीप्रमाणे दर सत्राला आरएसीसमोर सादरीकरण करायचं, समितीच्या शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला द्यायची, प्रगती असमाधानकारक वाटली तर कारणं नोंदवून सुधारणा सुचवायच्या, हे सगळं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. स्त्री संशोधकांना पूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा देता येते. 2016 च्या नियमावलीतही ती होती. म्हणजे सात महिन्यांच्या लेकीला घेऊन पहाटे निघालेल्या माझ्या मैत्रिणीला त्या दिवसांत रजा मागता आली असती. तिला ते ठाऊक नव्हतं, आणि सांगणारंही कुणी नव्हतं.

मग अशा गोष्टी बोलायच्या कुठे? गाइडकडे, हे उत्तर सगळे देतात. पण आरएसीचे निमंत्रक गाइडच, अहवालावर सही त्यांची, पुढे सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) आणि प्रबंधही त्यांच्याच हातून जाणार. कितीही चांगले गाइड असले तरी एकट्या विद्यार्थ्याची जीभ तिथे जड होते. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप, असलेल्यांचंही तेच. फेलोशिप 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली, पण दरमहाची उपस्थिती पोर्टलवर वेळेत चढली नाही तर खोलीचं भाडं, मेसचं बिल आणि घरी पाठवायचे पैसे एकदमच अडतात. प्रत्येक जण आपापलं निस्तरत होता. ज्या समितीत कोर्सवर्कचं वेळापत्रक, आरएसीच्या तारखा आणि नोंदणीची कामं ठरतात, त्या विभागीय समितीत आमचं कुणीच नव्हतं.

विद्यार्थी परिषदेचा रस्ता आम्ही आधी तपासला. विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशींत संशोधक विद्यार्थ्याला उभं राहण्यासाठी वयाची अट 28 ची आहे. मी तेव्हा एकतीस वर्षांची. एमए, मग सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, मग चार-पाच वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबाने, तासिका, आणि त्यानंतर पीएचडी, असाच आमच्यातल्या बहुतेकांचा प्रवास. त्यामुळे ते दार आमच्यासाठी बंदच होतं.

आधार मिळाला तो वेगळ्याच कागदात. यूजीसीच्या 2023 च्या तक्रार निवारण विनियमांत विद्यार्थी तक्रार निवारण समिती सांगितली आहे आणि तिच्यावर एक विद्यार्थी प्रतिनिधी ‘विशेष निमंत्रित’ म्हणून घ्यायचा आहे. आम्ही तोच शब्द उचलला. तक्रार ऐकताना विद्यार्थी समोर बसलेला चालतो, तर तक्रारच उद्भवू नये म्हणून जिथे नियोजन होतं तिथेही तो बसू दे, एवढंच आमचं म्हणणं.

अर्जाचा पहिला मसुदा मी रागात लिहिला होता. चार पानं, सगळ्यांची सगळी गाऱ्हाणी. आमच्यातले एक दादा पूर्वी जिल्हा परिषदेत नोकरीला होते. त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला. “एक पान, एक मागणी. आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस,” म्हणाले. आवक क्रमांक म्हणजे अर्ज मिळाल्याची कार्यालयातली नोंद. विभागातल्या 38 संशोधकांपैकी 29 जणांनी सही केली. उरलेल्यांवर मी कधीच चिडले नाही. त्यांची भीती मला समजत होती, आणि प्रतिनिधी हवा होता तो त्यांच्यासाठीच तर होता.

विभागप्रमुख सरांनी अर्ज वाचला आणि विचारलं, “अगं, पण नियमात कुठे आहे हे?”

“नियमात मनाई नाही, सर. विशेष निमंत्रित म्हणून बोलवा. अटी तुम्ही घाला.”

पुढचे चार महिने अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. दर पंधरा दिवसांनी मी आवक क्रमांक सांगून विचारपूस करत राहिले. शेवटी तीन अटींवर परवानगी आली: मतदानाचा हक्क नाही, एखाद्या विद्यार्थ्याचं व्यक्तिगत प्रकरण किंवा निवड चर्चेला आली की बाहेर जायचं, आणि बैठकीतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. मताचा हक्क नाही म्हणून आमच्यातले काही नाराज झाले. मला मात्र दुसरी अट अगदी योग्य वाटली, आजही वाटते. माझ्या बरोबरीच्या माणसाचे गुण किंवा आजारपण मी ऐकावं, असं मला कधीच नको होतं. आम्ही गुप्त मतदान घेतलं आणि दोघांना निवडलं, एक पूर्णवेळ, एक अर्धवेळ. मुदत एक वर्ष. पूर्णवेळ जागेवर मी आले.

पहिल्या बैठकीला मी खूप तयारी करून गेले. पण आमचा मुद्दा ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात, सगळ्यात शेवटी होता. दोन तासांनी पाच मिनिटं मिळाली. मी भराभरा बोलले, सगळ्यांनी मान डोलावली, चहा आला. दहा दिवसांनी इतिवृत्त हातात आलं तेव्हा त्यात एकच ओळ होती: “संशोधक विद्यार्थ्यांच्या अडचणींवर चर्चा झाली.” त्या ओळीवर कुणालाच काही करायचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, पण काम कसं होतं ते तिथेच कळलं.

पुढच्या वेळी आठ दिवस आधी विषय लेखी दिला, तो विषयपत्रिकेवर आहे ना ते पाहून घेतलं आणि सोबत ठरावाचा मसुदाच जोडला. आरएसीच्या तारखा सत्राच्या पहिल्या महिन्यात जाहीर कराव्यात. बदल झाल्यास किमान सात दिवस आधी ईमेल आणि फोनने कळवावं. अर्धवेळ संशोधकांच्या बैठका शक्यतो शनिवारी ठेवाव्यात. शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला सही घेऊन द्यावी. समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी मसुदा वाचला, पेन उघडलं आणि ‘शक्यतो’ या शब्दावर आडवी रेघ मारली. “शक्यतो लिहिलंस की कधीच होत नाही, बाळा.” ठराव तसाच, त्या रेघेसकट, मंजूर झाला.

त्याच बैठकीत माझ्या मैत्रिणीचा अर्जही होता. तो तिने स्वतः दिला होता, मी फक्त नियमाचं कलम शोधून दिलं होतं. विषय पुकारला तशी मी उठून बाहेर आले आणि व्हरांड्यात उभी राहिले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. इतिवृत्तात लिहिलं होतं की सूचना न पोचल्याने ‘अनुपस्थित’ हा शेरा रद्द करण्यात येत आहे.

फेलोशिपच्या उपस्थितीचं काम अजून पुरतं मार्गी लागलेलं नाही. दर महिन्याची तारीख ठरली, एका लिपिकाकडे जबाबदारी आली, तरी मधूनच एखादा महिना अडतो. माझी मुदत संपली तेव्हा नव्या प्रतिनिधीला मी फाइल दिली. सगळ्यात वर आवक क्रमांकाचा अर्ज, मग दोन्ही इतिवृत्तं, मग फेलोशिप कोणत्या महिन्यांत अडली त्याची यादी. यादीतले शेवटचे दोन महिने अजून कोरे आहेत, तिथून पुढे तिने धरायचं.

या सत्राच्या तारखा लागल्या आहेत. मैत्रिणीची आरएसी तिसऱ्या शनिवारी आहे. तिला मेल तीन आठवडे आधी गेला, आणि काल फोनही आला.