शिरोली ते जयगड: बारा चाकी की बावीस चाकी?

भाडं साधंच होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतनं क्रेनची चार काउंटरवेट (तोल राखायला लावतात ती वजनं) उचलायची आणि जयगडच्या बाजूला एका कामावर उतरवायची. एकेक नग ५ टन ७०० किलोचा, म्हणजे सगळे मिळून २२ टन ८००. लांबीला एकेक जेमतेम पाच फूट. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, माल असाच. हौद्यात बघावं तर अर्धी गाडी रिकामी, आणि वजनकाट्यावर घाम फुटतो.

घरची दहा चाकी लगेच बाद झाली. २०१८ च्या जुलैत केंद्रानं एक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) वजनाच्या मर्यादा वाढवल्या. तेव्हापासून दोन टायरच्या एक्सलला ७ टन, चार टायरच्या एकट्या एक्सलला साडेअकरा, मागच्या जोड एक्सलला २१ आणि ट्रेलरच्या तीन एक्सलना मिळून २७. हे चार आकडे पाठ असले की कुठल्याही गाडीचा हिशेब तोंडी होतो. दहा चाकी म्हणजे ७ आणि २१, एकूण २८. त्यातनं गाडीचं स्वतःचं साडेनऊ गेलं की हातात साडेअठरा. बारा चाकीला पुढं दोन एक्सल, म्हणजे ७, ७ आणि २१ मिळून ३५. बावीस चाकी ट्रेलरला ७, २१ आणि २७ मिळून ५५.

शिये फाट्यावर मित्राचा बावीस चाकी ट्रेलर रिकामा उभा होता. तो म्हणाला, "घेऊन जा की, निम्म्या वजनात आरामात जाईल." वजनाचं खरं होतं. टोललाही फरक पडत नाही, कारण चार ते सहा एक्सलच्या गाड्या टोलच्या एकाच गटात येतात. बारा चाकीचे चार एक्सल आणि बावीस चाकीचे सहा, पावती तीच. पण वाट होती आंबा घाटाची. तिथल्या वळणावर घोडा (पुढची ओढणारी गाडी) वळतो, मागचा ट्रेलर मात्र आतल्या बाजूनं वळण कापत येतो. समोरून एसटी आली तर दोघांनी नुसतं बघत बसायचं. शिवाय येताना रिकामे बावीस टायर ओढत आणायचे. मी बारा चाकीच ठरवली. तिचं रिकामं वजन ११ टन ४००, म्हणजे भरून ३४ टन २००. ३५ च्या आत. झालं, असं मला वाटलं.

फौंड्रीच्या क्रेनवाल्यानं चारही नग केबिनच्या पाठीशी लावून दिले. त्याला तेच सोयीचं. मालही केबिनला टेकून राहतो, म्हणून आम्हालाही बरं वाटलं. फाटकाबाहेर पडल्यावर आमचे ड्रायव्हर तात्या पन्नास पावलांत थांबले. "मालक, गाडी फुडं जड हाय. ष्टेअरिंग बघा की कसं झालंय."

काट्यावर नेली. एकूण ३४ टन २००, अगदी हिशेबाप्रमाणं. मग तात्यांच्या सांगण्यावरून पुढचे दोनच एक्सल काट्यावर घेतले: १६ टन २००. तिथं चालतात १४! मागं १८, म्हणजे तीन टन जागा मोकळी. कागदावर गाडी कायद्यात आणि पुढचे टायर सव्वादोन टनांनी जास्त. घाट उतरताना ब्रेक मारला की वजन आणखी पुढं येतं, हे वेगळंच.

परत फौंड्रीत गेलो. क्रेनवाला कुरकुरला, चहा पाजला. चारही नग दोन फुटांना थोडं कमी इतकं मागं सरकवले. पुन्हा काटा: पुढं १३ टन ८००, मागं २० टन ४००. पुढच्या दोन एक्सलच्या मध्यापासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत आमच्या गाडीत साधारण साडेपाच मीटर अंतर आहे. २३ टनांचा माल त्यात दोन फूट हलला की अडीच टन इकडचे तिकडं. गाडी घेताना कुणी हे सांगत नाही, सगळे चाकं मोजतात.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. आरसी बुकात प्रत्येक एक्सलचं वजन लिहिलेलं असतं, ते मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. एक्सलवार वजन घेताना काट्याच्या तोंडाशी जमीन सपाट पाहिजे. गाडी न्यूट्रलला आणि ब्रेक सोडलेला हवा, नाहीतर आकडा खोटा येतो. नग जागेवर बसले की खाली लाकडी ओंडके आणि बाजूला चेन. दोरखंडाच्या भरवशावर बिडाचा माल नेऊ नका. आणि जास्त भरायचा मोह झालाच, तर दंड २०,००० पासून सुरू होतो आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

पहाटे साडेतीनला निघालो, कारण शहरातनं जड गाडी दिवसा काढणं म्हणजे डोकेदुखी. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ. हंगाम नुकता सुरू झालेला, त्यामुळं बांबवड्यापर्यंत उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या मागं आणि लाल दिवा एकालाही नाही. हा पट्टा अंधारात चाळीसच्या वर काढू नका. मलकापुरात मिसळ खाल्ली (कोल्हापूरची सर नाही, पण भूक भागते) आणि उजाडायची वाट बघितली. घाट उजेडातच उतरायचा, हा तात्यांचा नियम.

आदल्या रात्री अवकाळी पडून गेला होता. तात्यांनी आंबा गाव सोडतानाच गिअर खाली टाकला, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर गाडी रोखणारा) लावला आणि पायाचा ब्रेक वळणापुरताच वापरला. पुढचे दोन्ही एक्सल वळत असल्यानं बारा चाकी त्या वळणांवर एका दमात फिरली. एकदाही रिव्हर्स घ्यावा लागला नाही. साखरप्याला थांबून प्रत्येक चाकाजवळ हात धरून बघितला. डावीकडचं मागचं एक चाक जास्त तापलं होतं. ब्रेक जरा घट्ट होता, तो तिथंच सैल केला.

चौदा आणि सोळा चाकीचं विचारणारे बरेच असतात. त्यात मधला एक्सल हवेवर उचलता येतो. रिकामी येताना टायर वाचतात, डिझेलही थोडं वाचतं. सरळ हायवेला, कागल ते पुणे वगैरे, झकास गाडी. घाटात मात्र खाली टेकलेला तो एक्सल वळणावर टायर घासत जातो. ओल्या चढाला चाक फिरायला लागलं की ड्रायव्हर तो मधला एक्सल उचलतो, म्हणजे ओढणाऱ्या चाकावर वजन येऊन पकड मिळते. त्या क्षणी उरलेल्या एक्सलवर किती बसतं, ते कुणी मोजत नाही. कमानपट्टा (एक्सलवरची स्प्रिंगची पट्टी) तुटला की मग कळतं.

पालीवरून हातखंबा, निवळी आणि तिथून जयगड. दुपारी दोनला माल उतरला. येताना रत्नागिरीच्या बाजूनं जांभा चिरा (बांधकामाचा जांभ्या दगड) भरला. चिरा नगावर विकतात, वजनावर नाही, आणि तो पाणी पितो. अवकाळीत भिजलेला चिरा कोरड्याइतकाच मोजून भरला तर काटा वेगळंच सांगतो. तात्यांनी शंभर नग कमी घ्यायला लावले. खाणवाला हसला. घाट चढताना एका वळणावर चिऱ्याची दहा चाकी जॅकवर उभी होती, मागचे दोन टायर फुटलेले. तात्यांनी हॉर्न दिला, पण बोलले काहीच नाहीत.

पुढच्या आठवड्यात ३१ टनांचा एक अखंड नग न्हावा-शेवाला जायचा आहे. त्याला बारा चाकी पुरत नाही. मित्राला फोन केला, ट्रेलर अजून शिये फाट्यावरच आहे.