आमची वाटचाल: ओल्या पुस्तकांची यादी

दुकानाला बावीस वर्षं झाली. कला या एकाच विषयाची पुस्तकं विकतो म्हटलं की लोक आधी आमच्याकडे बघतात, मग दुकानातल्या शुकशुकाटाकडे. पहिली पाच वर्षं कशी काढली ते सांगत नाही, सगळ्यांचीच तशी जातात.

सहाव्या वर्षी वरच्या मजल्यावरचा पाइप रात्री फुटला. सकाळी शटर वर केलं तर गोदामातले खालचे दोन कप्पे चिंब. आर्ट पेपरचं दुखणं धंद्यातल्यांना माहीत आहे. त्याची चकाकी वरच्या मातीच्या थराची असते, आणि तो थर भिजून वाळला की पान पानाला जे धरतं ते सोडत नाही. तेव्हा चकचकीत पुस्तकं आधी हाती घ्यायची. मी मूर्खपणाने साध्या कागदाच्या जुन्या पुस्तकांपासून सुरुवात केली, कारण जीव त्यांच्यात होता. आमचे बाइंडर काका दुपारी आले. पहिल्या वर्षी भांडवलातला अर्धा वाटा त्यांचा होता. हाडाची पट्टी, टीपकागदाचे गठ्ठे आणि पंखा घेऊनच आले आणि म्हणाले, "अरे, उलटं केलंस. ही फुगतील, पण वाचतील. ती गेली."

गेलीच. मोठ्या आकाराचे जवळजवळ सगळे चित्रसंग्रह विटा झाले. ओली पुस्तकं डीप फ्रीझरमध्ये टाकून दम धरता येतो हे मला नंतर कळलं.

पुढचे बारा दिवस आम्ही दोघं टीपकागद घालत आणि बदलत बसलो. काकांची पट्टी पानाखालून कशी सरकायची ते अजून डोळ्यासमोर आहे: टोक आत, मनगट सैल, मधे कुठे अडलं की तिथेच थांबायचं. मला तेवढी हातोटी नव्हती. पान सुटेपर्यंत समोरचं वाचायचो. सहा वर्षं विकलेली पुस्तकं तेव्हा पहिल्यांदा वाचली, हे कबूल करतो.

चेन्निनी असा वाचला. १४०० च्या आसपासचा हा इटालियन चित्रकार चित्रकलेवरच्या आपल्या पुस्तकात तरुण चेहरा रंगवायला शहरातल्या कोंबडीच्या अंड्यातला फिकट बलक घ्यायला सांगतो, म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्याला गावाकडच्या कोंबडीचा लालसर. कलेचा इतिहासकार बॅक्सांडॉल, त्याचं १९७२ चं पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. त्यात गिरलांडायो या इटालियन चित्रकाराचा १४८५ चा करारनामा आहे: चर्चच्या वेदीवरचं चित्र तीस महिन्यांत पुरं करायचं, ११५ फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) मिळतील आणि निळा रंग औंसाला चार फ्लोरिनच्या आसपासचाच हवा. वाचताना वाटलं, हे तर आमचंच बोलणं, कागदाच्या दर्जावरून प्रेसशी होतं ते. चित्रं कशी बघावीत यावरचं बर्जरचं पुस्तकही १९७२ चंच. सात निबंध, त्यांतल्या तीनांत शब्दच नाहीत, नुसती चित्रं, तीही काळपट. व्हॅन गॉगची पत्रं त्याचा भाऊ थिओ याच्या विधवेने, योहानाने, १९१४ मध्ये छापून आणली. चित्रकाराला जाऊन तेव्हा चोवीस वर्षं होत आली होती. ती पत्रं वाचताना टीपकागद बदलायचा राहून गेला आणि दोन फर्मे, म्हणजे घडी घालून शिवलेले पानांचे जुडगे, डागाळले.

त्या दिवसांत एकच गिऱ्हाईक आलं, फ्रेम करणाऱ्या बाई. रेम्ब्राँटची वीट त्यांनी पूर्ण किमतीला उचलली. मी पैसे घेत नव्हतो तर रागावल्या. "माउंट चिकटवताना वजन लागतं," म्हणाल्या. मग वाळत घातलेल्या पुस्तकांकडे बघून विचारलं, "यांतलं बघायचं कुठलं आणि वाचायचं कुठलं?"

त्यावरून यादी झाली. 'वाचायची' एवढंच नाव, एक पान, प्रत्येक पुस्तकाखाली दोन ओळी. गोम्ब्रिखचा कलेचा इतिहास सुरुवातीला, पण छोट्या आवृत्तीत, कारण तिच्यात मजकूर पुढे आणि चित्रं मागे असल्यामुळे माणूस वाचत राहतो. कलेची इतिहासकार लिंडा नॉक्लिन हिचा १९७१ चा निबंध त्याच्या लगेच खाली मुद्दाम ठेवला. थोर चित्रकर्त्या का झाल्या नाहीत या प्रश्नावर ती नग्न मॉडेलच्या वर्गाचं बायकांना बंद असलेलं दार दाखवते. ते वाचून वरचं पुस्तक पुन्हा उघडावं, म्हणजे कोण नाही ते दिसतं. या यादीने दुकान उभं केलं. त्यानंतर दहाएक वर्षं बरी गेली.

मग आमच्याच काउंटरवर तीन वर्षं बसलेल्या माणसाने स्वतःचं दुकान काढलं. काढावं, कोणी अडवलं नव्हतं. पण महिन्याभरात त्याची 'निवडक वाचन' नावाची यादी आली. तोच क्रम, त्याच दोन-दोन ओळी, फक्त कागद गुळगुळीत. लोक म्हणाले, पुस्तकं तीच तर यादी सारखी होणारच. मीही गप्प बसलो असतो. पण आमच्या पहिल्या छपाईत छपाईचा एक खिळा (आकड्याचा ठसा) इकडचा तिकडे झाला होता. वासारीने लिहिलेल्या चित्रकारांच्या चरित्रांचं साल १५५० ऐवजी १५०५ पडलं होतं. वासारी जन्मला १५११ मध्ये. या माणसाच्या यादीतही १५०५!

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून काकांना दाखवले. त्यांनी भिंग लावलं, साल पाहिलंच नाही, म्हणाले, "छपाई चांगली आहे रे त्याची." त्या वेळी बोलणं जिव्हारी लागलं. अजून लागतं.

जाता जाता, विचारलं नसलं तरी सांगतो. जड चित्रसंग्रह उभे ठेवू नका, आतले फर्मे स्वतःच्या वजनाने कण्यापासून सुटतात. आडवे ठेवा, तेही खालच्या कप्प्यात नको. विकत घेताना पुस्तक मधोमध उघडून शिलाईचा दोरा दिसतो का बघा. नुसत्या डिंकावरचं पुस्तक दहा वेळा उघडलं की पानं हातात येतात. आणि यादी करणार असाल तर स्वतः वाचून करा.

आम्ही दुसऱ्या छपाईतच १५५० केलं होतं. त्या माणसाकडे मागच्या आठवड्यात एकाला पाठवून यादी मागवली. वासारीचं पुस्तक अजूनही त्याच्या जन्माआधी सहा वर्षं निघतंय.